उजव्या पायाचा अंगठा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल — मी पहिल्यापासून अशीच, सोयीची जागा बघून बोलणारी.

मी नागपुरात औषधनिर्माणशास्त्र शिकवते. शिकत होते तेव्हा नखांच्या बुरशीवर एक औषध बनवलं होतं, नेलपॉलिशसारखं लावायचं. बाजारातली औषधं जाड नखातून आत उतरत नाहीत. माझं उतरायचं. खरंच उतरायचं — त्यात खोटं काही नाही. खोटं पुढे आहे.

ज्यांच्यावर ते तपासत होते त्यांत कोराडीचे रामटेके काका होते. कंत्राटी कामगार, दिवसभर पाय गमबुटात, दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, भुसभुशीत झालेली. महिन्यातून एकदा बसने यायचे. माझ्यासमोर पाय ठेवण्याआधी रुमालाने पुसून घ्यायचे. मी फोटो काढायचे, कागदावर नोंद करायचे. आपल्या पायांचाही कुणाला उपयोग होतो याचं त्यांना फार अप्रूप होतं.

तिसऱ्या महिन्यात उजव्या अंगठ्याच्या नखात एक काळी रेघ दिसली. बारीकच. सावळ्या माणसांच्या नखात अशी रेघ पुष्कळदा असते, बहुतेक वेळा तिचं काही होत नाही. चौथ्या महिन्यात ती रुंद झाली. पाचव्यात — थांबा, हे नीट सांगायला हवं — पाचव्यात तो काळेपणा नख सोडून मुळाशी कातडीत उतरला होता. त्याचा अर्थ कॅन्सर असू शकतो, हे मी वाचलं होतं. पाय माझ्या हातात होता.

काकांनी स्वतःच विचारलं, "मॅडम, हे काळं काहून होऊन राहिलं? चामडीच्या डॉक्टरले दाखवू का?"

मी काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतंय ना? पण डॉक्टरांनी आधी माझं औषध बंद केलं असतं. काका यादीतून गेले असते — आणि सगळ्यांत सुंदर साफ झालेलं नख त्यांचंच होतं, डाव्या पायाचं. मी म्हणाले, गरज नाही, बुटाचा मार लागला असेल. कागदावरही तेच लिहिलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी कागद पाहिला, पाय पाहिला नाही. काका म्हणाले, बुटात कापूस घालतो.

मला पदवी मिळाली, नोकरी लागली. डाव्या अंगठ्याचा तो फोटो मी अजून दरवर्षी वर्गात दाखवते. उजव्याचे फोटोही माझ्याकडे आहेत. ते मी उघडत नाही.

त्या पाचव्या महिन्यानंतर वर्षभराने काकूंचा फोन आला. अंगठा कापला, आता जांघेत गाठी आल्यात, तुमची फार आठवण काढतात. मी गेले. काका खाटेवर पडून होते, अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणला.

"गावच्या मंडईच्या जत्रेले गेलतो, तवा तीन दिवस तुमचं औषध लावलं नाही. तुमाले सांगतलंबी नाही. त्याच्यानंच झालं असन का?"

एक वाक्य पुरलं असतं. नाही काका, चूक माझी आहे — एवढंच. किती वेळ लागतो हे बोलायला? पण दारात काकू चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. मला भीती वाटली. मरणाऱ्या माणसासमोर बसून मला स्वतःसाठी भीती वाटली.

मी म्हणाले, "असेल."

काकांनी डोळे मिटून घेतले. महिन्याभरात ते गेले.

परवा प्रताप नगरच्या भाजीबाजारात काकू भेटल्या, सोबत त्यांची बहीण होती. काकूंनी माझा हात धरला आणि तिला सांगितलं, "मॅडमनं लय केलं वं. आमच्याच माणसानं औषध चुकवलं."

मी बहिणीला नमस्कार केला.