दारात अडकलेला सोफा

ही वही कुणी उघडलीच, तर माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका. मी चौथीपर्यंतच शिकले.

भडगावजवळच्या आमच्या मातीच्या घरासाठी मी नणंदेकडून पैसे उसने घेतले आणि सोफा आणला. निघण्याआधी दार माझ्या हाताने मोजलं होतं, दोन हात भरलं. जळगावच्या दुकानात चारचौघांत सोफा मोजायची मला लाज वाटली, म्हणून ह्यांना पुढं केलं. त्यांच्या हातानेही तो रुंदीला दोन हातच भरला. हे सहा फुटी आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सोफा दारात अडकला. हे म्हणाले, "चौकट काढू, एका दिवसाचं काम आहे."

सागाची ती काळसर चौकट म्हणजे आमच्या घराचं तोंडच. मी कधी उलटून बोलत नाही, पण उंबऱ्यावर बसले. "आधी मला काढा."

"तुला कुणाच्या हाताने मोजू?" म्हणत हे हसले आणि सोफा अंगणात ठेवला. कोंबड्यांना तो फार आवडला.

दुकानदाराने थोडे पैसे कापून तो परत घेतला. मग गोठ्याच्या जुन्या फळ्यांचं, चौकटीच्या रंगाचं बुटकं बाकडं करवून घेतलं. वर माझी गोधडी घातली.

नणंद येऊन ऐसपैस बसली, सगळ्या घरावरून नजर फिरवली. "वहिनी, आते बठ्ठं घर एक दिसस. आनि मना पैसा?"

परत मिळालेले लगेच दिले. कापलेले मात्र पापड विकून फेडत होते. परवा शेवटची नोट दिली, सगळे फिटले.