लाल शाईतलं आठ-अ

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि अक्षर तर आता हात थरथरतो म्हणून जास्तच तिरकं जातं. कुणी वाचलंच हे, तर त्याने सांभाळून घ्यावं. वाचावं असं मात्र मला वाटत नाही.

मुलगा रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. त्यामुळे काही वर्षं आम्ही दोघं दर उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडे जात असू. त्याहून जास्त दिवसांचा व्हिसा मिळत नसे. मुलगा-सून सकाळी कामावर, नात शाळेत. मग आम्ही दोघं, चार खोल्या आणि भिंतीवरचं घड्याळ. बोलायला कुणी नाही. आणि असतं तरी मी कुठे बोलले असते!

ह्यांची नोकरी सगळी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात झाली. लढाई कधी पाहिली नाही, पण जवानांची कागदपत्रं आयुष्यभर सांभाळली. पहिल्याच उन्हाळ्यात शनिवारच्या जुन्या बाजारात ह्यांना एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर जर्मन शिपायांची पगारपुस्तकं दिसली. तिथे त्याला सोल्डबुख म्हणतात. हाताएवढी मळकट पुस्तिका. आत शिपायाचा फोटो, उंची, बुटाचं माप, टोचलेल्या लसी, दिलेले मोजे, इस्पितळ, रजा. वरच्या गरुडाखालच्या चिन्हावर विक्रेते कागदाची पट्टी चिकटवून ठेवत. त्या चिन्हापायीच मुलाने मला दारात रांगोळीचं स्वस्तिक काढायचं नाही म्हणून बजावलं होतं.

हे तिथेच उभे राहिले. मला म्हणाले, "अगं, हे तर आपलंच काम!"

मग दर शनिवारी तेच. दोन-चार स्वस्तातली पुस्तकं घेतली. घरी भिंग, शब्दकोश आणि वही घेऊन बसायचं, शिक्क्यांचा अर्थ लावायचा, कुठली पलटण, कुठलं इस्पितळ, माणूस कुठून कुठे गेला ते जुळवायचं. सगळ्यांत आधी हे रजेचं पान उघडत. म्हणत, "रजेच्या पानावर माणूस कळतो." मी भाजी निवडत ऐकायची. ऐकून ऐकून मलाही ती मुलं ओळखीची झाली. एक सुतार होता, एकाला चष्मा होता. माझे पाय दुखायचे त्या बाजारात, पण घरी बसून घड्याळ ऐकण्यापेक्षा बरं.

मुलाला हे आवडलं नाही. "बाबा, मेलेल्यांची रद्दी काय गोळा करताय? लोक काय म्हणतील इथे? ह्याला मी एक सेंट देणार नाही, सांगून ठेवतो."

"मागितलाय कोणी?" हे म्हणाले.

विक्रेत्याशी ह्यांचं मोडक्या इंग्रजीत छान जमलं होतं. तो ह्यांना "हेर शेफ" म्हणायचा, म्हणजे साहेब. एकदा त्याने एक महागाचं पुस्तक आठवडाभर वाचायला दिलं, पैसे न घेता. एका पाववाल्याच्या मुलाचं होतं ते. वय एकोणीस. रजा मंजूर झाल्याची चिठ्ठी आत चिकटवलेली, पण रजेवर गेल्याची नोंद नाही. त्याआधीच इस्पितळ, आणि पुढे काही नाही. हे दोन दिवस त्या चिठ्ठीपाशीच होते. "आमच्याकडेही असे यायचे," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर हे लाल पेनाचं टोपण लावत होते. चेहऱ्यावर काम संपल्याचं समाधान. पुस्तकाची पानं छापील आकड्यांची होती, पण आठव्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांना आकडे नव्हते. ह्यांच्या ऑफिसात बिनआकड्याचा कागद म्हणजे गुन्हा. तो कोणीही फाडून नेईल. म्हणून ह्यांनी त्यांवर सुबक इंग्रजी अक्षरात आठ-अ, आठ-ब असं घातलं. शेवटच्या पानावर, सगळी पानं मोजून पाहिली, बरोबर आहेत, असं इंग्रजीत लिहिलं आणि खाली सही केली. चाळीस वर्षं ज्या हाताने ते केलं, त्याच हाताने.

"अहो, पण हे आपलं आहे का?" मी विचारलं.

ह्यांनी पेन खाली ठेवलं. मग पुस्तकाकडे पाहिलं, आणि कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलंच नाही.

शनिवारी विक्रेत्याने पान उलटलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आता हे कोणी घेणार नाही, तुम्हीच घ्या. एकशे ऐंशी युरो. ह्यांच्या खिशात वीस होते. ते टेबलावर ठेवून हे म्हणाले, "आय विल पे. इन्स्टॉलमेंट्स." पुस्तक त्याच्याकडेच राहिलं. परतताना बसमध्ये ह्यांनी मला सांगितलं, "पोराला कळता कामा नये." मी मान हलवली. लाल पेन ह्यांच्या खिशातून काढून मी माझ्या पर्समध्ये टाकलं.

नातेवाइकांना काही न्यायला मुलगा मला थोडे युरो द्यायचा. त्या वर्षी ते तिकडे गेले. पुण्यात जाऊबाई म्हणाल्या, "जर्मनी पाहून आलात आणि चॉकलेटसुद्धा नाही? की वाटेत तुम्हीच संपवलंत?" सगळे हसले, मीही हसले. पुढच्या उन्हाळ्यात पेन्शनमधून थोडे युरो घेऊन गेलो, ते दिले, आणि पुन्हा चॉकलेट नाही. हे बाजारात जायचे, मान खाली घालून पैसे ठेवायचे, टेबलावरच्या एकाही पुस्तकाला हात लावायचे नाहीत. घरचं भिंगही कपाटात गेलं. दुपारी हे घड्याळाकडे तोंड करून झोपायचे. मला त्या पैशांचा एवढा शीण नव्हता, जेवढा त्या पाठीचा होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात शेवटचे साठ राहिले होते. शनिवारी सकाळी हे बिछान्यातून म्हणाले, "गुडघा धरलाय. तू जा. आणि पूर्ण रक्कम मिळाली, अशी पावती घे."

गुडघा काल ठीक होता.

परक्या माणसाशी मी जन्मात एकटी बोलले नव्हते. बाजारात पोचले. टेबलासमोर दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाजूच्या चिनी मातीच्या कपबश्या बघत उभी राहिले. मग पाकीट पुढे केलं. त्याने नोटा मोजल्या, "गेनाऊ" म्हणाला, म्हणजे बरोबर, आणि माझ्या मागे पाहिलं.

"हेर शेफ?"

मी गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही गुडघ्याचं खरं वाटलं नसावं. मग टेबलाखालून त्याने पुस्तक काढलं, रुमालात गुंडाळलेलं. मी हवेत लिहून दाखवलं, पावती. त्याला कागद सापडला, पेन सापडेना. खिसे चाचपले, डबा उलटा केला. मी पर्समध्ये हात घातला आणि हाताला आलं ते पेन दिलं.

दोन शब्द लिहून तो थांबला. लाल शाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोट धरून हसला. मलाही हसू आलं, पदर तोंडाला लावावा लागला. मग त्याने उरलेलं लिहिलं, खाली सही केली, आणि कागदाच्या कोपऱ्यात, ह्यांच्यासारखंच, आठ-क असं घातलं.

बसथांब्यावर बाकावर बसले. पुस्तक आणि पावती मांडीवर. एक बस आली, ती जाऊ दिली. पावती पुन्हा उघडून पाहिली. जर्मन मला वाचता येत नाही, पण आकडा कळला. एकशे ऐंशी, आणि त्याखाली दोन ठळक रेघा. सगळे फिटले होते.