नांदेडसाठी अकरावी फेरी

आमचे कोचसर कुणालाही माफ करत नसत, आणि हे ते छाती काढून सांगत. लातूरच्या मैदानावर सकाळी आम्हाला पळवताना म्हणत, "धा फेऱ्या तब्येतीसाठी. अकरावी नांदेडसाठी!" आम्हीही अकरावीलाच जास्त जोरात पळायचो.

सर मूळचे नांदेडजवळच्या लोह्याचे. नांदेडच्या कॉलेजात धावपटू म्हणून गाजले आणि तिथंच फुटबॉलला लागले. विद्यापीठाच्या संघात त्यांचं नाव पक्कं झालं होतं. तिथलं प्रमाणपत्र मिळालं असतं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली असती. संघ स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी निवड समितीवर असलेल्या कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी त्यांचं नाव खोडलं आणि स्वतःच्या भाच्याचं घातलं. भाच्याला चेंडू धड अडवता येत नव्हता. तो आज फौजदार आहे. सर लातूरला येऊन पोरं शिकवू लागले.

म्हणूनच सर संघाची नावं सगळ्यांसमोर, खडूनं भिंतीवर लिहीत. एकदा एक बडं प्रस्थ येऊन म्हणालं, "आमच्या पोराचं तेवढं बघा." सरांनी खडूच त्यांच्या हातात दिला. "तुमीच लिवा. पण ज्याचं नाव खोडताल, त्याच्या तोंडाकडं बघून खोडा." पाहुणे आल्या पावली परत गेले.

एका वर्षी अंतिम सामना नांदेडला, त्याच कॉलेजशी झाला. आम्ही तीन गोलांनी पुढं होतो, त्यांचा गोलकीपर रडकुंडीला आला होता. मी सरांकडं पाहिलं. "काय बघायलास? अजून घाल!" मी घातला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

बक्षीस द्यायला तेच संचालक, आता निवृत्त. सरांची पाठ थोपटत त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"लोह्याचा."

"अरे वा! मग आमच्याकडून का नाही खेळलात?"

परतीच्या एसटीत सर एवढंच बोलले, "आरं, त्याच्या तर ध्यानातबी न्हाई." सामना जिंकून इतका हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या वर्षी सर गेले. शोकसभेत कुणीतरी सरांच्या नांदेडच्या कॉलेजचा उल्लेख केला, तसे पाहुणे म्हणून आलेले तेच संचालक डोळे पुसत म्हणाले, "माझाच विद्यार्थी. मीच घडवला त्याला." माझं डोकं फिरलं. मी माईक घेतला. "विद्यापीठाच्या संघातून त्यांचं नाव कुणी खोडलं, तेही सांगा की."

लोक म्हणतात, मयताच्या सभेत असं बोलू नये. मग कुठं बोलायचं? सर जिवंत होते तेव्हा त्यांच्या हातात माईक दिला होता कुणी?