पंख्याची मोटर

बाहत्तरच्या दुष्काळात सिरसाळ्यात रेडिओ दुरुस्त करणारा एकच माणूस होता, सुग्रीव. घर मेंढरं राखणाऱ्यांचं; पण पाय अधू झाल्यावर रानोमाळ फिरणं सुटलं आणि परळीच्या एका दुकानात बसून तो हे काम शिकला.

सोसायटीच्या कचेरीत व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर होता. दुष्काळी खडीच्या कामावरच्या मजुरांना सोसायटीमार्फत सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची; ती कधी वाटणार, ते त्यावरून पुकारायचे. पत्र्याखाली व्हॉल्व्ह इतके तापत की घटकाभरात आवाज चिरकायचा. सुग्रीवनं तबकड्या वाजवायच्या मोडक्या फोनोची छोटी मोटर काढून तिला पाती बसवली. व्हॉल्व्हची तार तापवायला आत सहा व्होल्ट येतातच; तिथूनच वीज घेतली आणि मधे डायोड लावला, कारण ही मोटर बॅटरीवरची, एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर चालणारी. आधी कर्ण्यातून तिचीच गुरगुर ऐकू आली. कपॅसिटर जोडल्यावर गुरगुर थांबली.

तिसऱ्या दिवशी चेअरमन सुंदररावांनी त्याला बोलावून दार लोटून घेतलं.

"माईक बंद असताना आत काय फिरतंय बे?"

"मोटर हाय, मालक. पंख्याची."

"मोटर टेपात असती. आमी हितं बोलतो ते भरून घेतोस व्हय?"

सुग्रीवला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून विरलं. त्यानं झाकण उघडून पाती दाखवली. "टेपाला फीत लागती. हितं कुठं हाय?"

"काढून नेली असशील."

घरी येईपर्यंत एकच विचार. हा माणूस घाबरला कावून? बायको मनकर्णा खडी फोडायला जायची. पंधरा दिवसांपासून निम्मी रांग सुकडीवाचून परतत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजी सुकडीची पोती कुठं जात्यात, ते त्याच खोलीत ठरलंय."

दुसऱ्या दिवशी कामावर नऊ पोती जास्त उतरली. सुंदरराव स्वतः उभे. सुग्रीवला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ती फीत कुणाला देऊ नको."

फीत न्हाईच, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. समोर बाया रिकामी भांडी घेऊन उभ्या होत्या.

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर सुंदररावांनी त्याला कचेरीत पाऊल टाकू दिलं नाही. बीडहून दुसरा कारागीर आणला. त्यानंही आत नुसता पंखा आहे असं सांगितलं, तर त्याच्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही. सुकडी मात्र पाऊस पडेपर्यंत शेवटच्या बाईला पुरली.