चीनची लढाई आणि आमची विहीर

आमचे हे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि थेट चीनला गेले. म्हणजे पुस्तकातून. शंभर वर्षांपूर्वी तिथला राजा गेला, प्रजासत्ताक आलं, मग सगळ्यांवर वचक असलेला थोरला सेनापतीही वारला. त्याच्या हाताखालचे सरदार दोन गटांत फुटले आणि राजधानीसाठी लढले. तिसऱ्या एका सरदाराने त्यातल्या एका गटाला साथ दिली आणि जेमतेम आठवडाभरात निकाल लागला. हे सगळं मी भाकरी थापताना ऐकायचे.

आमच्याकडचं युद्ध मात्र तीन वर्षं चालू होतं. सासरे गेले आणि विहिरीवरून ह्यांचं नि थोरल्या दिरांचं बोलणं बंद झालं. विहीर एक, मोटार एक. एक दिवस त्यांच्या टोमॅटोला पाणी, एक दिवस आमच्या गुलाबाला. पाळी संपली की मोटारीच्या खोलीच्या कडीला पंचा अडकवायचा, की दुसऱ्याने समजायचं. जन्मभर विमानं जोडलेला माणूस पंचा बघून शेती करत होता! बाकीचं टपालखातं मी.

"त्यांना सांग, फ्यूज गेलाय."

'ते' दहा पावलांवर उभे असायचे. मला ह्या निरोपांचा वीट आला होता. दोघांनी एकदा तरी समोरासमोर बोलावं, एवढंच हवं होतं.

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी कुणीतरी आपल्याला येणारा विषय सांगतो. परवा ह्यांचा नंबर लागला. ह्यांनी फळ्यावर चीन काढला.

"एकाच तालमीतली माणसं, पण एकालाही समजूत नाही!" हे खडू नाचवत म्हणाले. स्वतःचं काही लक्षात येईल तर शपथ. मी पदराआड हसत होते, तेवढ्यात मागच्या बाकावर थोरले दीर दिसले आणि हसू पळालं.

"कुणाला काही प्रश्न?"

दीर उभे राहिले. "जे जिंकले, त्यांचं पुढं काय झालं?"

ह्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी निरोप पोचवायला घेतलाच नाही, खिडकीबाहेर बघत बसले.

"दोन वर्षांत ते आपसातच लढले," हे फळ्याकडे बघून म्हणाले.

"मंग जिंकलं कोण?"

ह्यांनी खडू ठेवला आणि त्यांच्याकडे वळले.

"कुणीच नाय, दादा."

मला भर सभेत रडू फुटलं.