भेगेवरचं शेण

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवरा गेला, त्यालाही ठाऊक नव्हतं. तुला सांगते — फक्त ऐक, समजूत घालू नको.

भूकंपानंतर आमच्याकडे भेगेवर शेणमाती थापायची रीत पडली. लेप भेगेच्या रेषेत तडकला की समजायचं, भिंत अजून हलते. उदगीरकडच्या एका खेड्यात, सरकारी शाळेत मी झाडलोट करायची, घंटा द्यायची. सुमनबाई तिसरीला शिकवायच्या. वर्गातल्या भेगेवर त्यांनी माझ्याकडून लेप लावून घेतला. तो तडकला. बाईंनी पोरं लिंबाखाली बसवली.

हेडमास्तर भडकले. साहेब तपासणीला येणार आणि वर्ग उघड्यावर? बाई म्हणाल्या, "सर, आधी तुम्ही त्या भिंतीला टेकून बसा. मग पोरं बसवते." मी पदराआड हसले.

आणि मग मी काय केलं? — हेडमास्तरांनी मला कायम करायचा शब्द दिला. मी भेगेत चिखलमातीचा गारा भरला, वरून चुना फासला. बाईंवर चौकशी बसली, तीत साहेबांनी मला विचारलं, भेग होती का? मी म्हणाले, "न्हाई साहेब. बाईच लई भित्र्या हायत."

बाईंची नोकरी गेली. पोरं त्याच भिंतीखाली बसत राहिली. भिंत पडली नाही, ते काही माझं पुण्य नव्हे.

दुसरी असती तर रडत माहेरी गेली असती. बाईंनी खात्यालाच कोर्टात ओढलं. लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. तिथं शिकवायच्या आणि तारखांना जायच्या. क्लासवाले म्हणाले, कोर्टाचा नाद सोडा, इथंच राहा. बाई म्हणाल्या, मला माझीच शाळा पाहिजे. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

खात्यानं त्यांचं म्हणणं नीट ऐकलंच नव्हतं, म्हणून कोर्टानं त्यांना कामावर परत घ्यायला लावलं. भेगेचं मात्र ठरलंच नाही. गावात नाव पडलं ते पडलंच — भित्री बाई.

परत आल्या त्या दिवशी मी घंटा द्यायचीच विसरले. बाई म्हणाल्या, "मावशी, घंटा दे की! का माझ्यासंगं घंटा बी बडतर्फ झाली?" पोरं हसली. मग त्यांनी माझ्या चुन्यावरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "थोडं शेण आण."

मी आणलं. थापलं. तेव्हाही बोलले — नाही.

बाई आता नाहीत. गाव अजून त्यांना भित्री म्हणतं, माझ्या तोंडावर म्हणतं.

भेग होती. मी बुजवली.