धनुबाईचा हुडवा आणि पुढचे ब्रेक

रनाळ्याच्या बन्सीलालची मालमोटार गावात शिरली की लोक आपापल्या म्हशी बाजूला ओढून घेत. गाडी जुनी, ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही असून नसल्यासारखे. दोन्ही पायांनी पेडलवर उभं राहावं, देवाचं नाव घ्यावं, तेव्हा कुठे ती मंदावायची. पुरती थांबायची ती घराच्या दाराशी, बायकोनं रचलेल्या गोवऱ्यांच्या हुडव्यात नाक खुपसून. धनुबाईनं हुडवा रचायचा, बन्सीलालनं पाडायचा, असा दोघांचा संसार चालला होता.

त्या गाडीत धनुबाईनं कधी पाय ठेवला नाही. अडतीस सालच्या उन्हाळ्यात खांडबाऱ्याला तिच्या भाच्याचं लग्न निघालं, तेव्हा ती चारचौघींत म्हणाली, "मी आगगाडीमा जासू. माले लगीनमा मिरावनं शे, हुडवामा नही."

मोटारवाल्याची बायको आगगाडीनं! गाव हसून हसून बेजार. बन्सीलाल एरवी थट्टा उडवून लावणारा माणूस, पण हे त्याच्या जिव्हारी लागलं. लग्नाच्या आत धनुबाईला गाडीत बसवीन, नाहीतर गाडी भंगारात घालीन, असं त्यानं मनाशी ठरवलं.

नंदुरबारला एका गिरणीच्या आवारात त्याच जातीची, पण नंतरच्या सालची एक मालमोटार मोडून पडली होती. तिच्या पुढच्या चाकांनाही ब्रेक होते. तिचा अख्खा पुढचा आस त्यानं बैलगाडीवर घालून आणला. गावचा लोहार मगन त्याचा लहानपणचा दोस्त. मगननं जन्मात मोटार उघडली नव्हती, पण म्हणाला, "गाडाले बी आस ऱ्हास, हाईले बी शे. घाबरस काय?"

दोघांनी आस बदलला, पेडलपासून पुढच्या चाकांपर्यंत सळया नेल्या. पहिल्याच फेरीला डाव्या चाकानं आधी धरलं, आणि गाडी वळून थेट हुडव्यात. धनुबाई पदर खोचून गोवऱ्या रचू लागली. तिचं ते रचणं बन्सीलालला शिव्यांहून झोंबलं.

मग त्यांनी पुढची चाकं ओंडक्यांवर उचलली. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं हातानं चाकं फिरवून पाहायची. इकडे सळई थोडी सैल कर, तिकडे थोडी आवळ, असं करता करता दोन्ही चाकं एकदम धरू लागली.

दुसऱ्या फेरीला बन्सीलाल जुन्या सवयीनं दोन्ही पायांनी पेडलवर उभा राहिला. गाडी जागच्या जागी खिळली. मागे हौद्यात उभा असलेला मगन पुढच्या फळीवर आपटला आणि नाक चोळत हसत सुटला. हुडवा शाबूत!

धनुबाई बाहेर आली. हुडवा आणि गाडी यांच्यामधून तिनं एकदा इकडून तिकडे चालून पाहिलं, आणि घरात निघून गेली. बन्सीलालचा जीव टांगणीला. थोड्या वेळानं ती नवं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन आली. "चला. लगीनले उशीर व्हई जाई."

लग्नाला अजून चार दिवस होते.

वाटेत ओळखीचं घर दिसलं की ती "उभी करा!" म्हणायची. बन्सीलाल हसत थांबवायचा. खांडबाऱ्याला तिच्या भावजयीच्या, भिकुबाईच्या दाराशीही गोवऱ्यांचा मोठा हुडवा होता. बायका ओरडत पळाल्या. धनुबाई मात्र म्हणाली, "जाऊ द्या... जाऊ द्या... आते उभी करा!"

गाडी हुडव्याच्या हातभर अलीकडे थांबली. धनुबाई रुबाबात उतरली.

"घाबरू नको, भाबी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मन्हा मानूस चालाडस ही गाडी."

ते ऐकून हसत बसलेल्या बन्सीलालचा पाय कितीतरी वेळ ब्रेकवरून निघेना.